जार्जू सुताराने न पाहिलेला सामना

बकाऊच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा अन्सुमाना जार्जू तरुणपणी गाम्बियाच्या राष्ट्रीय संघात खेळला होता, डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून. त्या काळी संघ बाहेरदेशी जायचा तो हात हलवत परत यायचा. आफ्रिका चषकाचं दार कधी उघडलंच नाही. लोक जार्जूला विसरले. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते बिरान जूफला कोणी विसरलं नाही याचं.

बिरान पुढे खेळायचा. एका हरलेल्याच सामन्यात त्याने डोक्याने गोल मारला होता, आणि त्या एका गोलावर त्याने जन्मभर लोकांचा चहा प्यायला. चेंडू पाठवला होता जार्जूने, जवळजवळ अर्ध्या मैदानावरून. ते कोणाच्या लक्षात राहणार?

दोन हजार बावीसच्या जानेवारीत गाम्बिया पहिल्यांदाच आफ्रिका चषकात उतरला. स्पर्धेतला सगळ्यांत खालच्या क्रमांकाचा संघ. रेडिओवाल्यांनी अर्थातच बिरानला बोलावलं.

"पाया आम्ही घातला, घर या पोरांनी बांधलं," रेडिओतून बिरानचा आवाज आला. जार्जूने रेडिओचा कान पिळून तो बंद केला.

"चांगलं बोलत होते की भावोजी," शेंगदाण्याच्या रश्शात पळी फिरवत त्याची बायको सिरा म्हणाली.

"पाया म्हणे. धावताना त्याला स्वतःचा पाय सापडायचा नाही."

"तुम्हाला बोलावलं असतं तर काय बोलला असतात?"

काय बोलायचं ते जार्जूने कित्येक वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं.

मॉरिटानिया हरला, मालीशी बरोबरी झाली, ट्युनिशियाही हरला. गल्ली नाचत होती आणि जार्जू दार लावून घरात बसत होता. आपल्याला जे जमलं नाही ते या पोरांनी इतक्या सहज करावं? पोरं हरावीत असं त्याला वाटू लागलं. नमाजाला बसल्यावरही तोच विचार येई, तेव्हा त्याला स्वतःची भीती वाटली.

गिनीशी सामना होता त्या दुपारी गल्लीत टीव्ही मांडला गेला, पुढची खुर्ची बिरानसाठी राखून. जार्जू हातोडी घेऊन किनाऱ्यावर निघून आला. तिथे चिटपाखरू नव्हतं. तो होडीच्या फटींत डांबरी काथ्या ठासत बसला. थोड्या वेळाने वाळूतून कोणी पाय ओढत आलं. बिरान.

"काय रे भातखाऊ, इथे काय करतोस?" बिरान म्हणाला. सेरेर जमातीच्या माणसाने जोला जमातीच्या माणसाला चिडवायचंच, ही थट्टेची जुनी रीत त्याने अशा दिवशीही पाळली.

"काम. तू? तुझी खुर्ची वाट बघत असेल."

"गुडघा दुखतोय."

"खुर्चीत बसायला गुडघा लागतो?"

बिरान होडीला टेकून खाली बसला.

"बघवत नाही रे," तो म्हणाला. "परवा पोरांनी गोल मारला, सगळे नाचले. मी पण नाचलो. आणि मनात म्हटलं, आता माझा गोल कोण विचारणार?"

जार्जूचा हात थांबला. इतक्या वर्षांत या माणसाला खरं बोलताना त्याने पहिल्यांदा ऐकलं.

"तो चेंडू मी दिला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग रेडिओवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मला काय उरलं असतं?"

तेवढ्यात गल्लीकडून आरोळी उठली, भांडी वाजली, मशिदीपलीकडच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. गोल कोणाचा, ते विचारावं लागलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. जार्जूने काथ्याचं दुसरं टोक बिरानच्या हातात दिलं. "ओढून धर," तो म्हणाला. बिरानने धरलं.

पुढच्या सामन्यात कॅमेरूनने दोन गोलांनी हरवलं. गल्ली सुन्न झाली, बायका रडल्या. जार्जू त्या रात्री दोनदा भात घेऊन जेवला. सिरा बघत होती, पण काही बोलली नाही. हात धुताना त्याला शरम वाटली. पण पोट भरलं होतं, तेही खरं.

संघ परतला तेव्हा रस्त्याच्या कडेला तो बिरानशेजारी उभा राहिला. बिरानवरचा त्याचा राग ओसरला होता. पोरांचा हेवा मात्र तसाच होता. संघाची गाडी जवळ आली, आणि आपल्याच जागी, डाव्या बाजूला खेळणाऱ्या पोराला त्याने न चुकता ओळखलं.