दुपारची दुसरी पूजा

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे का नाही, असं कुणी विचारलं तर आजवर विषय बदलत आले. ज्यांच्यामुळे शिकले नाही ते काका आता नाहीत. असते तरी हे लिहिलं असतं.

आमचं घर झाशीत दतिया गेटच्या आत. पूर्वज पूजापाठासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आजोबांचे थोरले चिरंजीव म्हणजे काका. त्यांनी घरचीच विद्या चालवली. पंचांग बघायचे, पत्रिका करायचे. शहरातल्या बहुतेक मराठी मुलांच्या पत्रिका त्यांच्याच हातच्या. धाकटे माझे बाबा. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि तीन-तीन दिवस लाइनवर असायचे, म्हणून घरात शब्द चालायचा तो काकांचा.

काकांची मुलगी आणि मी एका वर्गात होतो. ती ढ नव्हती. मी जास्त हुशार होते, इतकंच. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. शाळेच्या बहनजी दर परीक्षेनंतर तेच सांगायच्या आणि काकांना ते ऐकून घ्यावं लागायचं.

आम्ही चौथीत होतो तेव्हा सरकारी कन्याशाळेत हुशार मुलींसाठी वेगळा वर्ग निघाला. दहावीपर्यंत सगळं शिक्षण फुकट, पुस्तकंसुद्धा. प्रत्येक शाळेतून एकाच मुलीने परीक्षेला बसायचं होतं. बहनजींनी माझं नाव दिलं आणि माझा अर्ज काही कारणाने बाद झालाच तर म्हणून खाली काकांच्या मुलीचं. बाबा म्हणाले, "सरकार शिकवतंय तर शिकू दे. माझ्याकडून काही पाचवीची फी होणार नाही." म्हणजे हा वर्ग मिळाला तर शाळा, नाहीतर घर. हे मला नीट कळलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

अर्जाला जन्माचा पुरावा हवा होता. तेव्हा जन्माचा दाखला कुणाकडे असायचा? घरच्या वडीलधाऱ्याने पत्रिकेवरून हिंदीत नक्कल करून सही केली की चालायचं. बाबा इटारसीकडे गाडी घेऊन गेले होते. काकांनी दोन्ही नकला एकाच बैठकीत, एकाच टाकाने लिहिल्या. मी शेजारी दौत धरून बसले होते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी शाळा सुटल्यावर मी कागद घेऊन एकटीच कन्याशाळेत गेले. काकांची मुलगी आधीच तिच्या मामाबरोबर जाऊन अर्ज देऊन आली होती. खिडकीतल्या बाबूंनी माझी नक्कल वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"बिन्नू, ये साल क्या लिखा है?" इकडे पोरीला बिन्नू म्हणतात.

"काकांनी लिहिलंय," असं मी हिंदीत सांगितलं.

"इस हिसाब से तो तुम एक सौ पैंतालीस बरस की हुईं। पाँचवीं में काहे आ रही हो? हमें पढ़ाओ आकर।"

मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. घोटाळा असा होता की आमच्या मराठी पत्रिकेत शक लिहितात आणि इकडचे लोक संवत मोजतात. दोन्हींत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर. काकांनी शकाचा आकडा तसाच उतरवला होता, पुढे 'शके' हा शब्दही नव्हता. बाबूंनी तो संवत समजून वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "घर जाओ, अंग्रेज़ी साल लिखवा लाओ, नीचे दस्तख़त। चार बजे तक बैठे हैं हम।"

मी घरापर्यंत पळत आले. बारा वाजून गेले होते. काका देवापुढे सोवळं नेसून बसले होते.

सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, हाक मारायची नाही, कागद तर पुढे करायचाच नाही. कागद ओवळा. आमच्या घरात शाळेची दप्तरंसुद्धा बाहेर ओटीवर ठेवावी लागत. मी दारात उभी राहिले आणि आईला म्हणाले, "आई, काकांना सांग ना."

"पूजेत आहेत. उठले की सांगते."

"सकाळी झाली ना पूजा?"

सकाळी सहाला पूजा झाली होती, नैवेद्य झाला होता, आम्ही तीर्थ घेतलं होतं. त्या दिवशी देव दुपारी दुसऱ्यांदा न्हाले. काकांनी एकदा मान वळवून माझ्या हातातला कागद पाहिला आणि माळ ओढायला लागले. एक माळ संपली की दुसरी. आई साधी बाई. तिला अक्षर येत नव्हतं, आणि जेठांपुढे, म्हणजे थोरल्या दिरांपुढे, बोलायची तिची छाती नव्हती.

आमच्या भागात वेळ कळायची ती रेल्वे वर्कशॉपच्या भोंग्याने. चारचा भोंगा झाला. काकांनी माळ डोळ्यांना लावली, उठले, आणि म्हणाले, "काय गं, काय हवं होतं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अरे, शक राहिला वाटतं तसाच. आता काय, टाइम गेला."

त्यांच्या मुलीच्या नकलेवर इंग्रजी साल स्वच्छ लिहिलेलं होतं. लिहिताना मी दौत धरून बसले होते हे ते विसरले असावेत. माझ्या कागदावर कोणतं साल हवं हे मला कळत नव्हतं, पण दोन कागदांवर दोन तऱ्हेचे आकडे पडले हे मी पाहिलं होतं.

ती परीक्षेला बसली, पास झाली, दहावी झाली, पुढे गुरसरायला मास्तरीण झाली. मी सतराव्या वर्षी लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. बाबांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "दादा तसं करणार नाही." मग मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढची बरीच वर्षं सोडून देते, त्यांत लिहिण्यासारखं नाही. नवरा रिटायर झाला तेव्हा आम्ही परत दतिया गेटजवळ खोल्या घेतल्या. काका तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि डोळे पार गेले होते. त्यांच्या मुलीने आपली उशिरा झालेली मुलगी शिक्षणासाठी त्यांच्याजवळ ठेवली होती. ती नात चौथीत गेली आणि त्याच कन्याशाळेच्या त्याच वर्गाचा अर्ज भरायची वेळ आली. नगरपालिकेत तिच्या जन्माची नोंद कुणी केली नव्हती. म्हणून पुन्हा पत्रिकेची नक्कल, आणि खाली बाळंतपणात हजर असलेल्या नातेवाइकाची सही. हजर होते मी. दुसरी जी होती, ती काकू, वारली होती.

काकांनी शेजारणीच्या हाती आदल्या संध्याकाळी पत्रिका आणि अर्ज पाठवले. निरोप होता, "उद्या चारपर्यंत द्यायचाय. दुपारी येऊन घेऊन जातो."

मी सकाळी नक्कल केली. इंग्रजी साल घातलं, सही केली, आणि दहा वाजता स्वतः शाळेत जाऊन अर्ज खिडकीत दिला. पावती घेतली आणि पदराला बांधली. पोरीचं माझ्याशी काही वाकडं नव्हतं.

एक वाजता काका सायकलरिक्षाने आले. काठी टेकत दारापर्यंत आले.

"पोरी, झाला का कागद?"

"काका, मी सोवळ्यात आहे. बसा बाहेर खाटेवर."

"एवढी सही—"

"पूजा चाललीय."

ते बसले. मी आत दारापाशी पाट टाकून लसूण सोलत होते. दोन किलो होता, लोणच्याचा. देवाची मी फारशी कधीच नव्हते. काकांना दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. तासाभराने म्हणाले, "लसणाचा वास येतोय."

"येत असेल."

पूजेत लसूण कसा, हे विचारायला त्यांच्याइतका अधिकार झाशीत कुणाला नव्हता. पण विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे त्यांना कळत होतं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मी ते बघत होते. दोनदा काठी उचलली, दोनदा खाली ठेवली. साडेतीनला म्हणाले, "तिची आई रडेल गं."

"माझी पण रडली होती."

चारचा भोंगा झाला. मी लसणाच्या साली गोळा केल्या, बाहेर आले आणि म्हटलं, "काय काका, काय हवं होतं?"

ते काठी टेकत उठले. रिक्षावाला हात धरून घेऊन गेला. पावती मी त्यांना दाखवली नाही, सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं तेव्हा नातीने घरी जाऊन सांगितलं. एक रात्र त्यांनी तशीच काढली. मला पश्चात्ताप नाही. एक रात्र कमीच झाली.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. पण निकालाच्या दिवशी त्यांची नात आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मौसी, मैं रह गई." नापास झाली होती. मी तिला आत घेतलं, पोळी आणि लोणचं वाढलं.

"गणितात गेले," ती म्हणाली. "अपूर्णांक चुकले."

"किती?"

"तीन."

ती जेवत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. तिला ठाऊक होतं आपलं काय चुकलं. चौथीत मला अपूर्णांक पाठ होते, पण तो पेपर मला मिळालाच नाही.