आप्पासाहेबांच्या बेण्याचं वावर

आमच्या गावात कुणाच्या घरी नवा सोफा आला की आप्पासाहेब आधी विचारणार, "याच्या अद्रकीला औंदा एवढा भाव कुठं घावला?" माझे सख्खे चुलते, म्हणून सांगतो. माणूस कष्टाळू, हाताला गुण असलेला, पण विश्वास नावाची चीज देवानं त्यांच्यात घालायचीच राहिली. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची सुई, माझ्या पिकअपमधला वजनकाटा, सगळ्यांवर त्यांची नजर. चतुराकाकूंनी चहात साखर कमी टाकली तरी उरलेली साखर गेली कुठं, याचा तपास सुरू व्हायचा.

गाव फुलंब्रीपासून जवळच. अद्रकीनं त्याचं नशीब पालटलं, हे कुणीही कबूल करेल. आधी पोरं सकाळच्या बसनं संभाजीनगरला कामाला जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. अद्रक आली तशी गावातच कामं निघाली. ठिबकच्या नळ्यांचं दुकान झालं, वेल्डिंगवाला आला, दोन हॉटेलं चालू लागली, बायकांच्या टोळ्यांना लावणीपासून काढणीपर्यंत रोजगार मिळू लागला. मी मुकुंदवाडीच्या गॅरेजातली नोकरी सोडून पिकअप घेतली तीही अद्रकीच्याच जिवावर.

या सगळ्याला भीती एकाच गोष्टीची, सड लागण्याची. पावसाळ्यात एखादं झाड पिवळं पडतं, खालचा कंद मऊ होऊन घाण वास मारतो, आणि पायाला, अवजाराला चिकटलेला चिखल जाईल तिथं सड जाते. म्हणून ज्याचं बेणं, म्हणजे लावणीचे कंद, निरोगी, त्याचा गावात मान मोठा. गेल्या वर्षी बहुतेकांचं बेणं खराब निघालं. तेव्हा पुढच्या लावणीसाठी अर्ध्या गावानं आप्पांचं बेणं आधीच सांगून ठेवलं. ते हातचं गेलं तर कुठलं तरी न बघितलेलं बेणं बाहेरून आणायचं, नाहीतर मका पेरून गप्प बसायचं. मग माझी गाडीही दारातच उभी राहणार होती.

झालं, आप्पांच्या संशयाला आयतं निमित्त मिळालं. त्यांनी बांधावर सड मारायला मोरचूद कालवलेल्या पाण्याचं घमेलं ठेवलं. चप्पल काढा, पाय बुडवा, मग आत या. कृषी खात्याचा माणूस असो की घरचा जावई, सूट नाही. मी हसलो, पण त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं. भामाबाईच्या टोळीला त्यांनी बांधावरूनच परत पाठवलं. भामाबाई बौद्धवाड्यातली, खुरपणीत तिच्यासारखा हात गावात दुसरा नाही. "तुम्ही समद्या गावाची वावरं तुडवता, तुमचं घमेल्यानं भागायचं नाय," म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हॉटेलात बसून भेटेल त्याला तेच सांगत राहिले, आणि हळूहळू बाकीच्यांनीही टोळीला बोलावणं सोडलं. मला भयंकर राग आला होता. संशय घ्यायलासुद्धा यांना ज्याला उलट बोलता येत नाही असंच माणूस सापडतं, असं मी काकूंना तोंडावर म्हणालो.

पोळा झाला आणि आप्पांच्या वावरात खालच्या कोपऱ्यातली काही झाडं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर सड. आप्पा तसेच तावातावानं चौकात आले. मी हॉटेलासमोर गाडी लावत होतो. भामाबाई शेजारच्या किराणा दुकानाशी उभी होती.

"लावलीस ना सड माझ्या वावराला?" आप्पा तिच्यावर ओरडले.

"आप्पा, तुम्ही मला बांध तरी वलांडू दिला का?"

"बांधापर्यंत आला व्हता ना! काकासाहेबाच्या वावरातून तशाच पायानं आला आसाल. सड हाय त्याच्याकडं, लपवतोय त्यो."

"त्यांच्या वावरात औंदा आमच्यातल्या एकीचाबी पाय पडला नाय. आम्हाला बोलावलंच नाय त्यांनी. इचारा की, त्ये काय आत बसलेत."

काकासाहेब खरोखरच आत चहा पीत होते. त्यांचं वावर गावाच्या पार वरच्या अंगाला. ते कप ठेवून बाहेर आले. "औंदा म्या कुणालाच आत घेतलं नाय. घरच्या घरीच खुरपलं. अन् माझ्याकडं सड हाय, हे कोण म्हणतं?"

"म्या म्हणतो!" आप्पांचा आवाज चढला. "पहाटं जाऊन सोताच्या खुरप्यानं उकरून बघितलंय. एकदा नाय, लईदा! हाताला वास मारत व्हता..."

आणि ते तिथंच थांबले. घमेल्यात पाय बुडवायचा तो परक्यानं, मालकाच्या पायाला आणि खुरप्याला काय होतंय, असा त्यांचा हिशोब. पहाटे ते पाय न बुडवता तसेच आपल्या खालच्या कोपऱ्यातून आत यायचे आणि त्याच खुरप्यानं गवत काढत बसायचे, हे मीही पाहिलं होतं. ते काकासाहेबांच्या वावरातून येतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. भामाबाईनं पदर सावरला, तेलाची पिशवी उचलली आणि निघून गेली.

कोपरा वाचणार नव्हताच, बाकीचं वावर वाचवायचं होतं. सडकी झाडं मातीसकट एका दिवसात बाहेर काढली तरच. त्यासाठी पुष्कळ हात हवे होते. संध्याकाळी आप्पा मला घेऊन भामाबाईच्या दारात गेले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कुणापुढं मान खाली घातलेलं पाहिलं आणि मला त्यांची कीव आली.

"चुकलं माझं. समद्यांसमोर सांगतो तसं. उद्या टोळी घेऊन ये. अर्ध्या गावाचं बेणं हाय त्ये."

भामाबाईनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"आप्पा, माझ्या एकलीचं असतं तर आले असते म्या. पण सडीच्या वावरातून निघाल्यावर माझ्या टोळीतल्या बायांना दुसऱ्या कुणी वावरात घेईल का? तुम्हीच सांगा, तुम्ही घेतलं असतं?"

आप्पांनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी टोळी आली नाही. आप्पा, काकू आणि मी असे तिघंच खाली वाकलो होतो. तिघांच्या हातानं काम उरकलं नाही. आठवडा संपायच्या आत पाऊस झाला, पाणी तुंबून वाफ्यावाफ्यांतून पसरलं आणि आप्पांच्या बाकीच्या वावरातलीही पानं पिवळी पडली. तेव्हा आप्पा स्वतः घरोघर गेले आणि प्रत्येकाला म्हणाले, "माझ्या बेण्यावर इसंबून राहू नका."