दप्तरातला दुसरा ड्रेस

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही. वर्गात एखादं पोर फार गुणी वागायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. नेवासा तालुक्यातल्या हायस्कूलवर इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार!

मुलींना शिकवण्यासाठी ज्यांनी अंगावर शेण झेललं, त्या बाईंची जयंती आमच्याकडे जानेवारीत होते. दरवर्षी तेच नाटुकलं. नऊवारी नेसलेली मुलगी शाळेला निघते, पोरं शेण म्हणून कालवलेली माती फेकतात आणि शाळेत पोचल्यावर ती पिशवीतली दुसरी साडी काढून नेसते. यंदा ते काम नववीतल्या एका मुलीनं केलं. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. ती आजीपाशी वस्तीवर राहते आणि पाटाच्या कडेनं चालत शाळेत येते. स्पीकर लावायला आलेला आमचाच एक जुना विद्यार्थी शेवटी असा काही जयजयकार करत होता की कानठळ्या बसल्या.

पंधरवड्यानं मोबाईल शोधायला मी मुलींची दप्तरं तपासली. हिच्या दप्तरात शाळेचा दुसरा ड्रेस आणि साबणाची वडी. विचारलं तर म्हणे, "असंच, मॅडम." असंच? असंच कुणी ड्रेस वागवतं का? कुठंतरी पाणी मुरत होतं. शेजारच्या गावातली एक पोरगी दिवाळीनंतर अशीच दप्तर घेऊन निघाली होती, ती शाळेत आलीच नाही. मी हिच्यावर डोळा ठेवला. खिडकीतून कुणाकडं बघते, मधल्या सुट्टीत कुठं जाते, सगळं बघायला लागले.

दोन दिवसांनी आजीच दारात. "बाई, पोरगी रोज कापडं धुती. इचारलं तर बोलत न्हाई. कुनाच्या नादी लागली का वो? एक सोयरीक आलीया. तिच्या बापाला फोन करते न् उरकूनच टाकते."

"अहो आजी, नववीत आहे ती!"

"म्हनून काय झालं? तोंड काळं करून गेल्यावर मंग काय करू?"

मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. खरं सांगते, संशय माझाही तोच होता. फक्त मला तिचं लग्न नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटेच्या आधीच जाऊन मुलींच्या मुतारीजवळच्या पाण्याच्या टाकीमागं उभी राहिले. ती आली, आत जाऊन ड्रेस बदलला आणि अंगावरचा उतरवलेला नळाखाली धरला. पाणी तांबडं. मला वाटलं, पाळी आली असेल बिचारीला. पण डाग पाठीवर होता. मी ड्रेस हिसकावून नाकाला लावला. गुटखा!

"कोण थुंकतं?"

ती रडली नाही. "पाटावर गाडीवरून येतात, मॅडम. तोंडाला रुमाल असतो, थुंकायपुरता खाली करतात. नाटकात शिकवलंत ना तुम्ही, दुसरी साडी न्यायची म्हणून."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"आजीला कळलं तर ती त्यांना नाही, मलाच घरी बसवंल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अख्खं गाव त्या नाटुकल्याला टाळ्या वाजवतं, आणि ही पोर ते रोज एकटी करत होती.

शनिवारी मी स्कूटी घरी ठेवली, पिशवीत जुनी साडी टाकली आणि वस्तीवरून तिच्याबरोबर पायी निघाले. पाटाच्या वळणावर मागून मोटरसायकल आली. माझ्याकडं लक्ष जाताच गाडी हळू झाली आणि मागं बसलेल्यानं खाली केलेला रुमाल गडबडीनं वर ओढला. उशीर झाला होता. चेहरा मी पाहिला होता. जयंतीला स्पीकर लावणारा तो हाच. गाल टम्म फुगलेले. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"काय रे, बाईंना नमस्कार नाही?"

त्यानं नुसती मान हलवली.

"मान नको. तोंड उघड. त्या दिवशी केलास ना, तो जयजयकार कर."

चालवणाऱ्यानं गाडी बंद केली. हा एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा तिच्याकडं. मी हलले नाही. ती माझ्या मागून पुढं आली आणि दप्तर छातीशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

शेवटी त्यानं ते सगळं गिळलं.