दिवा लावण्याआधीचा केर

आमच्या घरी मोलकरीण आली ती वडिलांनी आईचं मनगट मोडलं म्हणून.

लोकांकडे मोलकरीण येते त्याची कारणं बरी असतात. कुणाला दिवस जातात, कुणाचे गुडघे धरतात, कुणाचा पगार वाढतो. आमच्याकडे वडील जेवायला बसायला आले, फरशीवर पडलेलं सकाळचं वाळकं शीत त्यांच्या तळपायाला चिकटलं, आणि त्यांनी मांडलेला पाट उचलला. आईने डोकं वाचवायला डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज फार बारीक येतो, काटकी मोडल्यासारखा. आई भिंतीला टेकून खाली बसली. वडिलांनी तोच पाट पुन्हा मांडला, त्यावर बसले आणि मला म्हणाले, "वाढ." मी अकरा वर्षांची होते. मी वाढलं आणि ते पोटभर जेवले.

वडिलांना आमच्यात अहो-जाहो करतात, म्हणून मीही करते. त्यात आदर शोधू नये.

साठ सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. वडील पुण्याकडून बदली होऊन मद्रासजवळ आवडीला आले होते, संरक्षण खात्याच्या कारखान्यात. क्वार्टर्स नवे होते. भिंतीला पाठ लावली की चुना लागायचा, आणि दुपारी वारा सुटला की घरभर तांबडी धूळ. वडिलांना धूळ खपत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने ते घरी येत, चहा घेत, आणि मग रेडिओवरून, खिडकीच्या कठड्यावरून, देवघराच्या फळीवरून एक बोट फिरवत. बोटाला काही लागलं की ते बोट आईच्या डोळ्यांपुढे धरायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं. पुण्याला आजूबाजूला चुलते, आत्या होत्या, तिथे ते चापट्यांवर भागवत. आवडीला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. त्यांचा हात खरा सुटला तो इथे. साहेबापुढे ज्यांची मान वर होत नसे त्यांचं घरी आल्यावर मान, हात, पाय सगळंच वर होई.

आई तोवर सगळं घरकाम स्वतः करायची. आपल्या घरचा केर आपण काढावा, परक्या बाईच्या हाती घर देऊ नये, अशा मताची होती ती. पण दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरांना आम्ही ती न्हाणीत घसरल्याचं सांगितलं, आणि एका हाताने भांडी घासता येत नाहीत हे वडिलांच्याही लक्षात आलं. "बघा एखादी बाई," ते म्हणाले. जणू मनगट पावसात भिजून आपोआप मोडलं होतं.

रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीतून एक बाई आली. मी तिला अक्का म्हणायचे. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडात कायम पान, आणि आवाज असा की पुढच्या ओळीतल्या क्वार्टरात ऐकू जावा. तिला मराठी येत नव्हतं, आईला तमिळ येत नव्हतं, आणि वडिलांना ते शिकायचंच नव्हतं. मी शाळेत आणि नळावर तमिळ उचललं होतं, त्यामुळे मधे मी असायचे.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. वडील चहा घेऊन उठले, रेडिओवरून बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. आईने सवयीने मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या अंगणात अक्काने घमेलं आपटलं. वडिलांचा उघडलेला हात मिटला. "जरा लक्ष देत जा," ते म्हणाले, तेही असं गोड की मी वळून बघितलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे म्हणीत ऐकलं होतं, ते त्या संध्याकाळी घरात बघितलं. आईनेही बघितलं. मग ती रोज बघत राहिली. अक्का घरात असली की वडील मारत नाहीत, अक्का गेली की मारतात.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं जुळलं होतं. वडील म्हणाले, "आता त्या बाईला बंद कर. केर काढायला एक हात पुरतो."

आई म्हणाली, "तुम्ही आता चार्जमन झालात, हाताखाली माणसं आली. साहेबांच्या बायका येता-जाता बघतात. चार्जमनच्या बायकोने पदर खोचून फरशी पुसलेली बरी दिसेल का?"

तिने त्यांची नस बरोबर पकडली होती. वडील खुशीत "राहू दे मग" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईने मला अक्काकडे निरोप्या केलं. सकाळची खेप नको, संध्याकाळची भोंगा झाल्यावर ये, आणि पानं वाढेपर्यंत थांब. जेवल्यावर वडिलांना झोप आवरत नसे, भरल्या पोटी त्यांचा हात चालत नसे. धोका होता तो चहा आणि जेवण यांच्या मधल्या वेळात. तेवढ्या वेळाला आईला घरात एक परकं माणूस हवं होतं. केर हे निमित्त.

अक्का कबूल होईना. "विळक्कु वच्चदुक्कप्पुरम् पेरुक्कक् कूडादु," ती म्हणाली. दिवा लावल्यावर केर काढायचा नसतो. हे मला आईला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडेही तेच, तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी निघून जाते. आई म्हणाली, "तिला सांग, मी दिवा उशिरा लावीन. घरात दिवा लागला नाही तोवर दिवेलागण झालीच नाही."

मी सांगितलं. अक्काने पान या गालातून त्या गालात सरकवलं आणि मान डोलावून "सरि" म्हणाली.

तेव्हापासून संध्याकाळी ओळीतल्या सगळ्या घरांत बल्ब पेटत आणि आमचं घर अंधारात असे. त्या अंधारात अक्का सावकाश केर काढी, फरशी धुई, भांडी घाशी. वडील खुर्चीत बसून तळमळत. "दिवा लावा की!" म्हणाले की आई म्हणे, "केर चाललाय. लक्ष्मीला हाकलू का?" गुरुवारचा उपास कधी न मोडणारा माणूस लक्ष्मीच्या नावाने पुन्हा खुर्चीत टेके. शिवाय अंधारात बोट फिरवून उपयोग नव्हता, धूळ दिसायची कशी?

शेजारी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या एक आजी राहत, एका कारकुनाची आई. त्यांची मराठी आमच्या खापरपणजीची वाटावी अशी. त्या कुंपणावरून विचारत, "कां गे, दिवा लाविला नाहीस? अंधारांत काय करीत बसतेस?"

"उजेडापेक्षा बरं चाललंय, आजी," आई म्हणे. आजींना तो विनोद वाटे.

त्या उन्हाळ्यात आई थोडी भरली. दंडावरचे निळे डाग पिवळे पडून गेले आणि नवे उठले नाहीत. मला वाटलं, सुटलो आपण. आईलाही वाटलं असणार, कारण ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली होती.

मग एक दिवस कारखान्यात काहीतरी काम बिघडलं आणि साहेबाने वडिलांना मजुरांसमोर झाडलं. ते आम्हाला नंतर कळलं. त्या संध्याकाळी ते आले, चहा न घेता खुर्चीत बसले. अक्का बाहेरची खोली झाडत होती. अंधार पडला होता.

"दिवा लाव."

"केर व्हायचाय," आई म्हणाली.

त्यांनी उठून तिचा अंबाडा धरला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दोनदा आपटलं. आई खाली आली, तिने चौकट धरायला बघितलं, बांगड्या फुटल्या. वडिलांनी कमरेत लाथ घातली. मी दारात उभी होते. मी अक्काकडे बघितलं. आता ही ओरडेल, मधे पडेल, सगळी ओळ गोळा करेल, एवढ्यासाठीच तर ती होती.

अक्काने खराटा उचलून धरला होता, दोघांना जागा द्यायला. लाथ बसून झाली तशी ती पुढे झाली आणि आईच्या फुटलेल्या बांगड्यांच्या काचा तिने केरात ओढल्या.

"अक्का!" मी तमिळमधे ओरडले. "बघ ना, तो मारतोय तिला!"

"आंबळै," ती म्हणाली. पुरुषमाणूस आहे, मारणारच. "तू बाजूला हो, पायात काच जाईल."

तिच्या आवाजात राग नव्हता, नवल नव्हतं. तिच्या वस्तीत हे रोजचं होतं, तिच्या स्वतःच्या घरीही झालं असणार. इतके महिने आई जिच्या जिवावर उभी होती तिला यात बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आईला भाषा कळली नाही, पण तो खराटा काचांवरून फिरताना तिने बघितला. वडिलांनीही बघितला. आणि ते हसले. एवढे दिवस आपण या बाईला उगाच भ्यालो, असं ते हसणं होतं. "अस्सं," ते म्हणाले, आणि पाट आणायला स्वयंपाकघराकडे वळले. मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं की आज आई मरणार.

आई उठली. कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं. तिने अक्काच्या हातातून खराटा ओढून घेतला. माडाच्या हिरांचा, बुडाशी काथ्याने आवळलेला. "अहो," तिने हाक मारली. वडील मागे वळले तसा पहिला फटका तोंडावर बसला. दुसरा कानावर. तिसरा पाठीवर, कारण तोवर ते वळून पळायला लागले होते.

मद्रासेत नळावरच्या भांडणात बायका एकमेकींना खराट्याने झोडपीन म्हणायच्या. म्हणायच्या, झोडपत कुणीच नसे. त्याच्यापुढे शिवी नव्हती. आमच्याकडे केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतात, पण तीच माणसाच्या अंगाला लावली की त्याची पत गेली.

अक्का किंचाळली. वडील पाट शोधत होते तेव्हा तिच्या तोंडचं पान हललं नव्हतं, आता ते गळून पडलं. ती धावत मधे आली आणि दोन्ही हात पसरून तिने वडिलांना पाठीशी घातलं. हो, वडिलांना. "अय्यो, पावम्! ऐया पावम्!" करत तिने आपल्या पदराने त्यांचा फाटलेला ओठ पुसला. मग आईकडे वळून म्हणाली, "तुला हात नव्हते? लाकूड नव्हतं? खराटा? नवऱ्याला? या घरात मी पाणी पिणार नाही." ती तशीच तरातरा निघून गेली. अर्धा केर खोलीत पडला होता. आईने खराटा सोडला नव्हता.

"दिवा लाव गं," आई मला म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ आईने सगळी वर्षं आवळून धरली होती, न्हाणीत घसरले, दार लागलं, सांगत. अक्काने ती दुसऱ्या सकाळपर्यंत उघडली. तिला आईची बाजू घ्यायची नव्हती, वडिलांची खरोखर कीव आली होती. ती नळावर रडत सांगायची, दूधवाल्याला सांगायची, इस्त्रीवाल्याला सांगायची, त्या आवाजात. ऐया, म्हणजे मालक, बिचारे साधे, मराठी बाई कैदाशीण. चार दिवसांत सगळ्या क्वार्टर्समधे, मग कारखान्यात, मग मद्रासकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात. दूधवाला वडिलांना बघून मान हलवी. कारखान्यातला हमाल त्यांच्या हातातली पिशवी आपणहून घेई. तंजावरच्या आजींनी वडिलांच्या ओठासाठी वाटीत हळद उगाळून पाठवली. आईचं मनगट मोडलं तेव्हा कुणी चिमूटभर पाठवली नव्हती.

एका संध्याकाळी वडिलांनी मला जवळ बोलावलं. आता चहाच्या आधीच बल्ब लागत असे, केर आई दुपारीच काढायची. त्यांनी खाली बघत विचारलं, "पावम् म्हणजे काय गं?"

"बिचारा," मी म्हणाले. मला सांगताना फार आनंद झाला.

त्यानंतर त्यांनी हात उचलला तो एकदाच. रेडिओवर धूळ होती. बोट आईच्या डोळ्यांपुढे धरलं, दुसरा हात खांद्याच्या वर गेला. आई आमटीचा डाव हातात घेऊन उभी होती, तिने पाऊल मागे घेतलं नाही. वडिलांनी खिडकीकडे बघितलं. रस्त्याने कुणीतरी सायकलवरून चाललं होतं, त्याला आमच्या घरात बघायची गरजही नव्हती, सगळं आधीच ठाऊक होतं. वडिलांनी तो वर गेलेला हात डोक्यावर नेला, केस मागे सारले, आणि बसले.

नातेवाईक म्हणतात, मद्रासची हवा मानवली, माणूस किती निवळला. ते निवळले नव्हते. त्यांना लाज वाटत होती, तीही आईची नव्हे, रस्त्यावरच्या सायकलवाल्याची. मी आईपाशी हे बोलले की ती म्हणायची, "मला काय करायचंय? हात थांबला ना?" तिला ते पुरलं. मी तिच्यासारखी नाही. त्या दिवशी अक्का मधे आली नसती तर चौथा फटका मी मारला असता, आणि पाट घेऊन.