मंदा विचारणारच

मुरबाडच्या स्टँडवर मला सोडायला भावकीतलं कोणी आलं नाय. माळशेज घाटातून पुण्याला जाणारी एसटी लागली होती. माझ्या लेकीनं, मंदानं, माझी वळकटी सीटखाली सारली आणि मला खिडकीशी बसवलं. कमळूदादा, माझा चुलतभाऊ, समोर चहाच्या टपरीवर होता. त्यानं मान फिरवली. मी नाय फिरवली. गाडी हलेपर्यंत त्याच्याकडं बघत होतो.

पाड्यातल्यांनो, तुमच्यातले काही गावात आहेत, काही कल्याण-भिवंडीला गेले. सगळ्यांना सांगतो, कारण माझ्यामागं बोलतात की म्हाताऱ्याला लेकीनं फितवलं.

मंदाचं काम तुमाला कधी कळलं नाय. मलाही उशिरा कळलं. नव्वद सालानंतर कधीतरी ती शहापूरच्या शाळेतून कल्याणच्या कॉलेजात गेली, मग पुण्याला. माझी बायको हिरा म्हणायची, "डॉक्टर होऊन ये गो, माझे गुडघे बघ." झाली डॉक्टर, पण सुईवाली नाय. कुठल्या गावात कुठला आजार जास्त, तिथली माणसं काय खातात, पाणी कुठलं पितात, हे घरोघर विचारायचं आणि आजाराचं मूळ हुडकायचं. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. माझी जीभ तिथवर पोचत नाय.

आमच्या पाड्यात दर उन्हाळ्यात उलट्या, चक्कर, अंगात झटके. भगत म्हणायचा बाहेरचं आहे. एका वैशाखात हिरा त्यातच गेली. तेरावं झालं तरी मंदा माघारी गेली नाय. डोळे पुसून दारोदार फिरायला लागली. गडी हसले. सुई नाय, गोळी नाय, हा कसला डाक्टर? काय काय खाल्लं विचारलं तर शेजारची जनावयनी म्हणाली, "मिळालं ते खाल्लं गो. भूक लागल्यावर कोण ध्यानात ठेवतं?"

पण मंदानं बोलतं केलं. उन्हाळ्यात ओढा आटतो, डोह तेवढा राहतो. आमचे आजे रानातली साल कुटून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. पुढं दुकानात भातावर फवारायचं औषध मिळायला लागलं, मग साल कुटत कोण बसतो? बाटली ओतली की काम झालं. गडी वर मासे धरायचे आणि खालच्या अंगाला बायका वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं हंडे भरायच्या. मासे सगळ्या गावानं खाल्ले. आजारी पडली ती बहुतेक झिऱ्याच्या पाण्यावरची घरं. ज्यांच्या परसात विहीर, त्यांना फारसं काय झालं नाय. कमळूदादाच्या परसात विहीर आहे.

मंदानं हे ग्रामसभेत सांगितलं. कमळूदादा उठला. गावाचं नाव खराब झालं तर आमच्या पोरांना पोरी कोण देईल, म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "लेकीला आवर, नायतर भावकीत बसू नको."

मी म्हणालो, "नाय आवरत. नाय बसत."

घरी आल्यावर मी मंदाला विचारलं, तुझी आई त्या पाण्यानंच गेली का? मला फक्त हो ऐकायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, एका माणसाचं मला सांगता येत नाय. गावाचं सांगता येतं."

लय राग आला. इतकं शिकून आईचं मरण सांगता येत नाय? दोन दिवस बोललो नाय तिच्याशी. मग वाटलं, हो म्हणणं सोपं होतं. बापाचं मन राखायला सुद्धा ही पोरगी खोटं बोलली नाय. मग ती गावाविषयी बोलली ते खोटं कसं असंल?

आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. लिफ्टमध्ये अजून भिंत धरून उभा राहतो. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं माझा बाप म्हणायचा. मी पितो. फिल्टरचं आहे, चव नाय, पण पितो. मंदा मासे करते, चांगले करते. ओढ्यातल्या मळ्या माशाचं कालवण हिरानं केलेलं, त्याची सर नाय. हे मंदाला मी सांगत नाय.

म्हातारा घराला मुकला असं कोणी म्हणत असंल तर ऐका. जेवण-झोप पुण्यात आहे, घर माझं ओढ्याकाठीच आहे. नुसतं बंद पडलंय. येत्या वैशाखात मंदा पुन्हा विचारायला येणार. चावडी मिळणार नाय असा निरोप कमळूदादानं धाडलाय. नको. ती हिराच्या चुलीपाशी बसंल. जनावयनी, तू ये. तू आलीस की बाकीच्या येतील. झिऱ्याचं, डोहाचं, कोणी ओतलं, कोण आजारी पडलं, सगळं बोला. मी दारात बसणार आहे. तिला हाकलायचं ज्याच्या मनात असंल त्यानं आधी मला उठवावं.