आखाडातलं जाळं

सरांनी माझ्या बाबांच्या टोपलीला लाथ घातली. मासे कॉलेजच्या व्हरांड्यात फरशीभर पसरले. बाबा उकिडवे बसून ते वेचू लागले. सर मला म्हणाले, "बघतेस काय? उचल. जातीचंच काम आहे तुझं."

मी वाकले. हे आधीच सांगून टाकते. वाकले आणि उचलू लागले, कारण माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती.

त्या दिवशी भंडाऱ्याला आमच्या कॉलेजात सरांचा संशोधनाबद्दल सत्कार होता. सरांनी कशावर लिहिलं नाही? मासे, धानावरची कीड, माती, वटवाघळं, वैनगंगेचं पाणी. सगळीकडे पहिलं नाव त्यांचं. कीड एका पोरीनं मोजली, वटवाघळांमागे एक पोरगा हिंडला, मासे माझे. खरं तर बाबांचे. आम्ही ढिवर. आसगावजवळच्या आमच्या तलावात बाबा जाळं टाकायचे, माशांची नावं सांगायचे, मी वहीत लिहायची. छापलेल्या शोधनिबंधात बाबा कुठेच नाहीत.

पाहुण्यांच्या जेवणाला मासे मात्र बाबांकडूनच मागवले. बाबा टोपली घेऊन सभागृहाच्या दाराशी उभे होते. मंचावर सर सांगत होते, ऐन आषाढात कंबरभर पाण्यात उभं राहून आपण स्वतः जाळं कसं टाकलं.

बाबा घाबरले. त्यांना वाटलं, तलावात चोरी झाली. तिथूनच ओरडले, "सर, आखाडात तं जाळं बंद रायते आमच्या इकडं. मासोळी गाभण रायते. कोनं टाकू देल्लं तुमाले?"

लोक हसले. एक पाहुणा हसला नाही. त्यानं वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि ते सरांनी पाहिलं.

आखाडात कोणीच जाळं टाकलं नव्हतं. बाबांनी मासे धरले ते उन्हाळ्यात. पावसाळ्याचे आकडे सरांनी खुर्चीत बसून सांगितले, मी टाइप केले. ढिवराच्या पोरीनं! आखाडात जाळं पडत नाही हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. तरी माझी बोटं थांबली नाहीत.

कार्यक्रमानंतर व्हरांड्यात, सांडलेले मासे वेचताना, बाबांचा हात एका माशाकडे गेला आणि सरांनी त्यांच्या बोटांवर बूट ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. "मासे विकायचे आणि तोंड बंद ठेवायचं. कळलं?"

माझ्या हातात मरळ होती. हातभर लांब, ओली, जड. शेपटीकडून धरली आणि त्याच्या थोबाडावर हाणली. चष्मा उडाला. पुन्हा हाणली. नाकातून रक्त आलं. तिसऱ्यांदा बाबांनी मला आवळून धरलं. "काय करून राहिली माय! तुयी डिग्री जाईन!"

"जाऊ दे, बाबा."

मारल्याचा मला पश्चात्ताप नाही. टाइप केल्याचा आहे.

आता त्याचा निरोप आलाय, लेखी माफी दे, सही करतो. माझ्या मरळीपेक्षा त्याला त्या पाहुण्याच्या वहीची धास्ती. माफी मी लिहिली आहे. त्याला नाही, ज्यांनी तो शोधनिबंध छापला त्यांना. पावसाळ्याचे आकडे खोटे आहेत. त्यानं सांगितले, मी टाइप केले. खरे मासे माझ्या बाबांनी धरले, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. सोबत माझी वही. कीड मोजणाऱ्या पोरीला फोन केला, तिनंही आपल्या वह्या बाहेर काढल्यात.

पत्राखाली माझी सही आहे. त्याची लागत नाही.