धुळीवर दुधाचा उतारा

कोकोमला राग आला तो फार उशिरा. त्याआधी कितीतरी वर्षं ती नुसती खोकत होती, आणि खोकल्याबद्दल स्वतःलाच बोल लावत होती.

इंडोनेशियातल्या बोगोर शहराच्या उत्तरेला, हमरस्त्यापासून आत, त्यांची वस्ती. तिथल्या घरांवर पत्रे अॅसबेस्टॉसचे आणि घरातल्या चुलीही अॅसबेस्टॉसच्या पगारावर पेटायच्या. कोकोम तरुणपणीच सूतगिरणीत लागली. पण हे सूत कापसाचं नव्हे, दगडाचं. परदेशातून पोत्यांत दाबून आलेला पांढरा तंतू पिंजायचा, कातायचा, त्याचे दोर वळायचे, कापड विणायचं. बॉयलरला, भट्ट्यांना गुंडाळायला ते कापड जायचं, कारण ते आगीत जळत नाही. "आमचं कापड जळत नाही," असं कोकोम पाहुण्यारावळ्यांना अभिमानानं सांगायची. माणसाचं त्यानं काय होतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पिंजणखात्यात सावरीच्या कापसासारखी धूळ तरंगत असायची. दुपारपर्यंत बायकांच्या भुवया पांढऱ्या होत.

"आली बघा आमची नवरी, पावडर लावून!" एंतिन ओरडायची. एंतिन शेजारच्या यंत्रावर. अंगानं थोराड, तोंडानं त्याहून थोराड.

कुणी तोंडाला फडकं बांधलं तर मुकादम ओदांग हसायचा. "काय गं, बँक लुटायला निघालीस?" मास्क गिरणीत होते. कपाटात. बाहेरून साहेब लोक तपासणीला आले की ते वाटले जात आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की मोजून परत घेतले जात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, ते हेच. बायकांना मात्र दर महिन्याला पगाराबरोबर घट्ट गोड दुधाचे डबे मिळत.

"प्या बायांनो," ओदांग सांगायचा. "दुधानं धूळ धुऊन निघते. छाती साफ."

सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. आया हेच सांगत आल्या होत्या, शेजारच्या रंगाच्या कारखान्यातही दूधच देत होते. कोकोम मात्र ते दूध कधी प्यायली नाही. नवरा ट्रक चालवायला सुमात्राला गेला तो तिकडचाच झाला होता आणि घरात लेक नुनुंग लहान होती. डबे सगळे नुनुंगला.

"पोरीला दूध पाज आणि तू धूळ खा," एंतिन म्हणायची. "बघ हं कोम, माझ्या आधी जाशील." आणि आपला डबा बोट फिरवून चाटूनपुसून संपवायची.

संध्याकाळी कोकोम घरी आली की नुनुंग 'एमाक, एमाक' करत धावत येऊन आईला मिठी मारायची. आईच्या निळ्या सदऱ्यात नाक खुपसून मगच पोर शांत व्हायची. मग कोकोम मागच्या पायरीवर सदरा झटकायची आणि पोरीच्या झबल्यांबरोबर एकाच टबात भिजवायची.

आधी एंतिन गेली. शेवटी शेवटी तिला झोपता येत नव्हतं. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून ती बसून असायची. थट्टा करायलाही श्वास पुरेना. मग कोकोमला धाप लागू लागली. सरकारी दवाखान्यानं क्षय सांगितला. महिनोन्‌महिने तिनं गोळ्या गिळल्या, फरक शून्य. गिरणीनं तिला हार घालून घरी पाठवलं.

कामगारांच्या संघटनेनं जाकार्ताहून एक डॉक्टरीण आणली, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. डॉक्टरणीनं छातीचा फोटो उजेडात धरला. दगडाचे बारीक तंतू फुफ्फुसात रुतलेत, फुफ्फुस आतून चिवट, कडक झालंय, आणि ते पुन्हा मऊ होणार नाही, असं तिनं सांगितलं.

कोकोमनं मान खाली घातली. "चूक माझीच आहे, डॉक्टर. मी दूध प्यायले नाही."

"कसलं दूध?"

कोकोमनं सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं फोटो खाली ठेवला.

"बाई, दूध पोटात जातं. धूळ फुफ्फुसात. त्या दोघांची गाठच पडत नाही."

"पण एंतिन तर सगळं प्यायची," कोकोम म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला कळलं. एंतिन सगळं प्यायली होती आणि एंतिन मेली होती.

त्या क्षणी कोकोमला राग आला. असा की कानशिलं तापली. डबे वाटणाऱ्या हातांचा राग, आपल्या भोळेपणाचा राग, रात्र रात्र स्वतःला कोसत घालवली त्याचा राग. मेल्यांनी धूळही दिली आणि वर दोषही पदरात बांधला!

"कामाचा सदरा कुठे धुवायचात?" डॉक्टरणीनं विचारलं.

"घरी."

"घरात लहान कुणी होतं?" कोकोमनं "मुलगी" एवढंच सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "हा आजार वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं घेतो. सगळ्यांना होतोच असं नाही. पण मुलीला आता या धुळीपासून लांब ठेवा."

कोकोम घरी आली तर नुनुंग आरशासमोर उभी. अंगात नवा कोरा निळा सदरा.

"एमाक, मला घेतलं! पिंजणखात्यात!"

"काढ तो."

"अगं, आता सगळं बदललंय. आम्हाला शिकवलं त्यांनी. निळा अॅसबेस्टॉस धोक्याचा, तपकिरी धोक्याचा. आपला पांढरा आहे. पांढऱ्याला काही होत नाही."

"साप पांढरा असला म्हणून चावायचा राहतो का गं? डॉक्टरीण म्हणाली, निळा जास्त वाईट, पण तिन्ही कॅन्सर करतात."

"आणि तुझ्या औषधाला पैसे कोण देणार? डॉक्टरीण?" नुनुंगचा आवाज चढला. "तूच तर तिथं राबून मला वाढवलंस."

नुनुंग कामावर जाऊ लागली. रोज संध्याकाळी ती मागच्या पायरीवर सदरा झटकायची, आणि तो आवाज ऐकून कोकोम आत दात खात बसायची.

मग सुरक्षा महिना आला. वर्षातून एकदा गिरणीत झेंडे लागतात, भाषणं होतात. ओदांग तळलेल्या कसाव्याची पुडी घेऊन घरी आला. म्हातारा झाला होता, पण जीभ तशीच तुपाळ.

"कोम, समारंभाला ये. जुनी कामगार म्हणून मंचावर चार शब्द चांगले बोल. इतकी वर्षं काम केलं, पोर वाढवली, असं काहीतरी. मोठे साहेब, पाक हेंद्रो, खूश होतील. नुनुंग कायम होऊन जाईल."

"आणि नाही आले तर?"

"असं कशाला बोलायचं?" ओदांग गोड हसला.

नुनुंग दारात उभी होती. "एमाक, ये ना. माझ्यासाठी."

"येते," कोकोम म्हणाली.

समारंभाच्या सकाळी तिनं ईदला शिवलेली कबाया घातली, डोक्याला चांगला रुमाल बांधला. मागच्या खिळ्यावर नुनुंगचा आदल्या दिवशीचा सदरा लोंबत होता. धूळ उडू नये म्हणून तिनं त्यावर पाणी शिंपडलं, तो हलकेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि गाठ मारली.

मंचावर फलक, फुलं, नवे करकरीत मास्क. टेबलावर दुधाच्या डब्यांचा मनोरा. व्यवस्थापक पाक हेंद्रो बराच वेळ बोलले. आपला तंतू पांढरा, नीट वापरला तर निर्धोक, आपली गिरणी म्हणजे एक कुटुंब. टाळ्या झाल्या. मग कोकोमला बोलावलं. पायऱ्या चढून तिला इतकी धाप लागली की माइकमध्ये आधी नुसता तिचा श्वासच ऐकू आला. समोर बसलेल्या बायका पुढे वाकून ऐकू लागल्या.

तिनं पिशवी डब्यांशेजारी ठेवली.

"हा माझ्या लेकीचा सदरा," ती म्हणाली. "कालचा. धुतलेला नाही. साहेब म्हणतात, काही होत नाही. मग साहेबांनी तो अंगात घालावा, आणि घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्यावं. मी तेच केलं होतं."

तिचा हात गाठीवर गेला.

"बाई, इथं उघडू नका!" सुरक्षा अधिकारी खुर्ची पाडून उठला. पाक हेंद्रो तोवर नाकाला रुमाल लावून फलकाच्या मागे पोचलेसुद्धा होते.

कोकोम वळली. एवढा मोठा आवाज तिच्या छातीतून कुठून आला कुणास ठाऊक.

"मग कुठं उघडू? माझ्या स्वयंपाकघरात? जिथं ही पोर रोज उघडते, तिथं? तुम्हाला ठाऊक होतं! मेल्यांनो, तुम्हाला सगळं ठाऊक होतं!"

तिनं गाठीवरचा हात काढला.

"भिऊ नका, मी नाही उघडणार," ती म्हणाली. "इथं माझी माणसं बसलीत. आणि हे दूध उचला. एंतिन सगळं प्यायली होती."

ओदांगनं तिला दंडाला धरून खाली उतरवलं. "पोरीच्या पोटावर पाय दिलास," तो दातओठ खात म्हणाला.

"तू तर छातीवर दिलास," कोकोम म्हणाली, आणि फाटकाबाहेरच्या बाकावर श्वास जमवत पाळी सुटेपर्यंत बसून राहिली. नुनुंग बोलणार नाही, अशी तिनं मनाची तयारी केली होती.

भोंगा झाला. बायका बाहेर येऊ लागल्या, पण रोजच्यासारख्या नाही. फाटकाच्या आत बागेचा नळ होता, तिथं त्या थांबत होत्या. सदरा काढायचा, नळाखाली चिंब करायचा आणि कार्यालयाच्या दारात टाकायचा. कार्यालयातल्या कारकुनांना दार उघडता येईना एवढा ओला निळा ढीग झाला. "धुवा तुम्हीच!" कुणीतरी ओरडलं, आणि इतक्या वर्षांनी तिथं एंतिनसारखं खदखदून हसणं ऐकू आलं.

नुनुंग आतल्या साध्या झग्यावर आली. "उद्यापासून येऊ नको म्हणाले," ती म्हणाली.

कोकोम उठून तिच्याकडे निघाली.

"थांब, एमाक. जवळ येऊ नकोस." नुनुंगनं परत जाऊन नळाखाली हात धुतले, मान धुतली, केस ओले केले. मग ती आली आणि तिनं आईला मिठी मारली.

कोकोम लेकीच्या ओल्या केसांत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडताही तिचा राग उतरेना. नळ पहिल्यापासून तिथंच होता. झाडांना पाणी घालायला.